तेवीस ओळींचा प्रोजेक्ट

देवानंद रामटेके सर कॉलेजात नवीन होते. चंद्रपूरच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात संगणक शाखेला शिकवायला कोणी फार टिकत नसे. वर्ष संपलं की माणूस नागपूर नाहीतर पुणं गाठायचा. हे मात्र पुण्याहून उलटे इकडे आले होते. मूळचे ब्रह्मपुरीचे, एकोणतीस वर्षांचे, आणि वर्गात हळू बोलणारे. २००४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्टच्या अटी सांगितल्या, त्याही हळूच सांगितल्या.

प्रोजेक्ट दोघादोघांच्या जोडीने करायचा, पण तयार बाहेरून आणायचा नाही. जे कराल ते ओपन सोर्स असलं पाहिजे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही उघडून बघता आणि बदलता आला पाहिजे. आणि मार्चपर्यंत ते तुम्हा दोघांखेरीज आणखी एखाद्या माणसाच्या खरोखर कामी आलं पाहिजे.

"सर, आयडिया तर तुम्हीच द्याल ना?" कोणीतरी विचारलं.

"नाही. ती शोधण्यातच अर्धा प्रोजेक्ट आहे."

संध्याकाळपर्यंत अकरा जोड्यांनी गाइड बदलून घेतला. दुसऱ्या सरांना हॉस्पिटलचं किंवा लायब्ररीचं तयार सॉफ्टवेअर चालत होतं, फक्त पहिल्या पानावर नाव बदलायचं. रीता मारबतेलाही गाइड बदलायचा होता, पण ती पोहोचेपर्यंत दुसऱ्या सरांची यादी भरली. तशीच गत दिनेश वेलादीची झाली. तीन वर्षं एका वर्गात बसून त्या दोघांमध्ये दहा वाक्यंसुद्धा झाली नव्हती. आता नोटीस बोर्डावर त्यांची नावं एका ओळीत आली.

रीता मूल तालुक्यातली, ढिवराची मुलगी. वडील इस्तारी गावच्या तलावात मासेमारी करायचे आणि आई कुंता ते मासे बाजारात नेऊन विकायची. दिनेश आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलगावातला गोंड मुलगा, पहिलीपासून आश्रमशाळेत शिकलेला. त्याचे वडील चैतू त्याच शाळेत स्वयंपाक करत. तो बोलायचा कमी, पण कोडमधली चूक त्याला दुरून दिसायची, हे रीताने प्रॅक्टिकलच्या वेळी पाहिलं होतं.

सप्टेंबर आयडिया शोधण्यात गेला. लॅबमध्ये इंटरनेट असलेला एकच संगणक होता आणि प्रत्येक जोडीला अर्धा तास मिळायचा. विद्यार्थ्यांसाठी प्रोजेक्टच्या आयडिया म्हणून जे काही सापडलं ते दोघांनी कागदावर उतरवलं. मॉलमधलं पार्किंग, उंच इमारतीतल्या लिफ्ट, पिझ्झाची घरपोच ऑर्डर.

"लिफ्ट मी दोनदाच पाह्यली," दिनेश म्हणाला. "त्यातल्या एकदाच बसलो."

शेवटी रीताने असं मुक्त, म्हणजे ओपन सोर्स, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जगभरच्या लोकांच्या एका मेल-यादीवर पत्र पाठवलं. इंग्रजी तिने तीनदा तपासलं. आम्ही विद्यार्थी आहोत, कृपया चांगली आयडिया सुचवा. चार दिवसांनी एकच उत्तर आलं, तेही दोन ओळींचं. अशी तीस पत्रं आम्हाला दर वर्षी येतात, असं त्या माणसाने लिहिलं होतं. आमच्याकडे आयडिया मागू नका. आमचं सॉफ्टवेअर महिनाभर वापरा आणि ते कुठे अडतं ते आम्हाला सांगा.

रीताला अपमान वाटला. तिने ते पत्र सरांना दाखवलं. सरांनी ते वाचून परत दिलं. "चांगलं उत्तर दिलंय त्याने," ते म्हणाले.

त्या रविवारी ती गावी गेली. इस्तारी दारात बसून जाळ्याचे फाटलेले डोळे सांधत होते.

"बाबा, कम्प्युटरनं तुमचं कोणतं काम सोपं होईल?"

इस्तारींनी जरा विचार केला. "तलावात मासे किती आहेत ते सांगन का तो?"

"नाही."

"मंग पाणी किती आहे ते?"

"तेही कोणीतरी मोजून आधी त्याला सांगावं लागेल."

"मोजनारा तं मीच. मंग त्याले कायले विचारू?" ते हसले नाहीत. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "त्यापेक्षा तू त्याले विचार, त्याले काय येते. मंग आपन काम पाहू."

तरीही रीताने तलावाच्या नोंदींचं एक सॉफ्टवेअर कागदावर आखलं. माशांचं कोणतं बीज कधी सोडलं, कोणत्या महिन्यात पाणी किती. आकृत्या सुरेख आल्या होत्या. सरांनी त्या सगळ्या पाहिल्या आणि विचारलं, "तुमच्या मच्छीमार संस्थेत संगणक आहे?"

"नाही."

"येणार आहे?"

"माहीत नाही, सर."

"मग हे वापरणार कोण?"

रीता आकृत्या गोळा करून बाहेर आली. व्हरांड्यात दिनेश उभा होता. तिने आकृत्या त्याच्या हातात दिल्या. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात आपल्याला करण्यासारखं काहीच नाही की काय, असं तिला वाटून गेलं. एवढी वर्षं शिकून आपण लिफ्टचा हिशेब करायला शिकलो.

दिवाळीची सुट्टी संपवून दिनेश परत आला, तेव्हा कॅन्टीनमध्ये चहा घेताना तो आपण होऊन बोलायला लागला.

"आमच्या बाले आता सारे आचार्य म्हणून राह्यले."

"का?"

त्याने सांगितलं ते असं. चैतू वेलादी अकरा वर्षं रोजंदारीवर स्वयंपाक करत होते. यंदा वरच्या ऑफिसने आश्रमशाळांकडून रोजंदारीवरच्या आचाऱ्यांची यादी मागवली, त्यांना कायम करण्यासाठी. शाळेला नुकताच कोणीतरी एक संगणक दान दिला होता. त्यात विकतचं सॉफ्टवेअर नव्हतं, मुक्त सॉफ्टवेअर होतं. शाळेचे कारकून डोमाजी बाबू यांनी यादी त्याच्यावर टाइप केली. कागदावर 'आचाऱ्यांची यादी'च्या जागी 'आचार्यांची यादी' उमटली. यादी परत आली. शेरा होता, या शाळेत आचार्य हे पद मंजूर नाही. हेडमास्तरांनी पेनाने दुरुस्ती करून ती पुन्हा पाठवली. तेव्हा दुसरा शेरा आला, खाडाखोड असलेली यादी घेतली जाणार नाही. शेवटी चैतू स्वतः बसने अहेरीला गेले. कोर्टाबाहेर जुना टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या माणसाकडून त्यांनी यादी नव्याने टाइप करून घेतली. पहिल्या खेपेला तो माणूस जागेवर नव्हता, म्हणून दोनदा जावं लागलं.

"गावात पोरं पाया पडते आता त्याच्या," दिनेश म्हणाला. "आचार्य, आशीर्वाद द्या म्हणते." तो हसत होता.

रीता हसली नाही. "डोमाजींनी असं कसं टाइप केलं?"

"त्याची गलती नाई. की-बोर्डवर ते अक्षरच नाई म्हणते."

चहा तसाच ठेवून ती लॅबमध्ये गेली. सरांनी लॅबमधल्या सहा संगणकांवर तेच मुक्त सॉफ्टवेअर घातलेलं होतं. तिने त्यातला लेखनाचा प्रोग्राम उघडला आणि आचाऱ्याला हा शब्द लिहायचा प्रयत्न केला. पाऊण तास तिने सगळ्या कळा दाबून पाहिल्या. एक तर र डोक्यावर रफार होऊन बसायचा, नाहीतर खाली पाय मोडलेला, टिंब दिलेला एक भलताच र यायचा आणि य त्याच्यापासून लांब उभा राहायचा.

मराठीत र ला य जोडायच्या दोन तऱ्हा आहेत, याचा तिने शाळा सुटल्यापासून कधी विचार केला नव्हता. कार्य, सूर्य, आचार्य यांत र डोक्यावर चढतो. दुसऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांना यांत तो आडव्या वाकड्या रेघेसारखा य ला बाजूने चिकटतो. हिंदीला ही दुसरी तऱ्हा लागत नाही. प्रोग्राम बनवणाऱ्यांनी देवनागरी म्हणजे हिंदी असं धरलं होतं. त्यामुळे त्या आडव्या रेघेचा आकारच फॉन्टमध्ये नव्हता, आणि तो कुठे वापरायचा हा नियम कोडमध्ये नव्हता.

दिनेश मागे येऊन उभा राहिला होता.

"दऱ्या लिही," तो म्हणाला.

तिने लिहिलं. पडद्यावर दर्या आलं.

"जिवतीच्या डोंगरात समुद्र आणला तू," दिनेश म्हणाला.  हे आपल्याला करता येईल का, हा विचार दोघांच्या मनात एकाच वेळी आला असावा, कारण दोघांनी एकदमच फॉन्टची फाइल कुठे असते ते शोधायला सुरुवात केली.

सरांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले नाहीत. "एका जोडाक्षराचा प्रोजेक्ट? विद्यापीठ मान्य करील का, मला शंका आहे." मग म्हणाले, "आधी जाऊन बघा. तो कारकून काम कसं करतो ते बघा. त्याला हे खरंच नडतं का, की एकदाच झालं?"

डिसेंबरमध्ये दोघं बसने निघाली. गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, आष्टी, आणि पुढे दोन्ही बाजूंना सागाची उंच झाडं. आलापल्लीला बस बदलून आश्रमशाळेत पोहोचायला दुपार झाली. मुलं जेवत होती. चैतू मोठ्या पातेल्यातून भात वाढत होते. बुटके, अंगाने भरलेले, खांद्यावर टॉवेल. दिनेशला पाहून त्यांनी फक्त मान हलवली आणि आणखी दोन ताटं मांडली.

ऑफिस म्हणजे एक कपाट, दोन टेबलं आणि प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवलेला संगणक. डोमाजी बाबू पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सुरुवातीला ते सावध होते. चूक शोधायला कॉलेजातून माणसं आली असं त्यांना वाटलं.

"मले टाइपरायटरवर मिनिटाले चाळीस शब्दाचा स्पीड आहे," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "सर्टिफिकेट आहे माह्याजवळ."

"तुमची चूक नाही, बाबूजी," रीता म्हणाली. "चूक प्रोग्राममध्ये आहे. तुम्ही नेहमीसारखं काम करा. आम्ही नुसतं बघतो."

डोमाजींनी एक पत्र टाइप करायला घेतलं. रीता त्यांच्या मागे बसली. पहिल्या पाच मिनिटांत तिला काहीच वेगळं दिसलं नाही. मग हस्तलिखित मसुद्यात 'कर्मचाऱ्यांची हजेरी' असं होतं, तिथे डोमाजींनी 'स्टाफची हजेरी' टाइप केलं. 'दुसऱ्या सत्रात'च्या जागी 'सत्र दोनमध्ये' आलं. 'गावकऱ्यांनी' होतं तिथे 'गावच्या लोकांनी'.

"तुम्ही शब्द बदलता?"

"मंग काय करू? यादी परत आली तवापासून धसका घेतला. तो शब्द येऊन राह्यला असं दिसलं का मी वळसा घेतो." डोमाजींनी चष्मा काढला. "आता तं सवय झाली. परवा हातानं चिठ्ठी लिहून राह्यलो तं तिच्यातबी स्टाफ लिहिलं मी."

ते हे सहज बोलून गेले. रीताने मात्र वहीत ते वाक्य तसंच्या तसं उतरवून घेतलं. माणसाने यंत्र शिकावं इथवर ठीक होतं. इथे एक शहाणा माणूस यंत्राच्या सोयीसाठी आपलीच भाषा विसरायला लागला होता.

जेवताना तिने चैतूंना विचारलं, "बाबा, तुम्हाला राग नाही आला?"

चैतू समोर उकिडवे बसले होते. "कोनावर काढू, बाई? बाबू म्हणे मशीनची गलती. मशीन देनारा म्हणे बाबूची गलती. वरचे म्हणे कागदाची. कोनीच काई केलं नाई, पन मी दोनदा अहेरीले जाऊन आलो." त्यांनी तिच्या ताटात आणखी वरण वाढलं. "तुमी कोनाची गलती आहे ते पायले आले का?"

"आम्ही ती काढायला आलो," दिनेश म्हणाला. रीताने त्याच्याकडे पाहिलं. वडिलांसमोर बोलताना त्याचा आवाज वेगळा होता.

जानेवारी लागला. काम दोघांनी वाटून घेतलं. अक्षराचा आकार रीताकडे, नियम दिनेशकडे. वीज रोज ठराविक वेळी जायची. शेजारी एवढं मोठं वीज केंद्र असून शहरात दिवे नसायचे. तेवढ्या वेळात रीता कागदावर आकार काढायची. तिने काढलेली ती वाकडी रेघ मोठ्या अक्षरात बरी दिसायची आणि लहान केली की वजाबाकीचं चिन्ह वाटायची. तीस वेळा काढूनही जमेना.

जटपुरा गेटाजवळ इसरू पेंटरचं दुकान होतं. गाड्यांच्या नंबरपाट्या आणि दुकानांचे बोर्ड तो रंगवायचा. एका दुपारी रीता तिथे उभी राहून पाहत होती. बोर्डावर 'न्हाव्याच्या पायऱ्यांजवळ' असा पत्ता लिहायचा होता.

"भाऊ, हे अक्षर पुन्हा एकदा हळू काढून दाखवाल का?"

इसरूने तिच्याकडे चमकून पाहिलं, पण जुन्या पत्र्यावर काढून दाखवलं. "लोकं हे शेवटी काढते, म्हनून जागा उरत नाई. मी त्याची जागा आधी सोडतो, मंग य काढतो. आन पाह्य, रेघ सारखी जाड नाई ठेवाची. सुरू होते तिथी दाबाची, जाता जाता सोडाची."

तो पत्रा ती मागून घेऊन आली. त्या रात्रीपर्यंत आकार बसला. य थोडा उजवीकडे सरकवला, रेघ डावीकडे जाड आणि पुढे निमुळती. सगळ्यात लहान अक्षरातही ती वाचता येत होती.

दिनेशचा नियमही तयार झाला. जानेवारीच्या शेवटी दोघांनी सगळं त्या मेल-यादीवर पाठवलं आणि नऊ दिवस वाट पाहिली. उत्तर आलं ते तीन शब्द घेऊन आलं. कार्य, सूर्य, धैर्य. तुमचा बदल घातल्यावर हे तिन्ही बिघडले, तपासून पाहावे.

दिनेशने नियम फार मोकळा लिहिला होता. प्रत्येक र्य चा ऱ्य होत होता.

"आचाऱ्याले वाचवाच्या नादात आपण आचार्याले मारलं," तो म्हणाला. त्याने खुर्ची मागे सरकवली. "जाऊ दे, रीता. ज्याच्यासाठी केलं त्या बाचं काम तं टाइपरायटरनं कधीच झालं. आपण लायब्ररीचंच काहीतरी करून टाकू. अजून दोन महिने आहेत."

"डोमाजी बाबू स्टाफ लिहितात अजून."

"लिहू दे."

 दिनेश निघून गेला. रीताने वही काढली आणि शब्द लिहायला बसली. डाव्या बाजूला रफाराचे, उजव्या बाजूला वाकड्या रेघेचे. दर्या, दऱ्या. आचार्याला, आचाऱ्याला. वर्गात, पोस्टात, बसस्टँडवर जे वर्तमानपत्र हाती आलं त्यातून तिने शब्द वेचले. चार दिवसांत एकशे चाळीस झाले. मग तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. नियमात काहीही बदललं की तो हे एकशे चाळीस शब्द एकापाठोपाठ तपासायचा आणि चुकलेले लाल करून दाखवायचा.

पाचव्या दिवशी दिनेश लॅबमध्ये आला. त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"'तऱ्हा' टाकलं, पण 'गोऱ्हा' राह्यला," तो म्हणाला. "माह्या नियमात फक्त य होता. ह लेबी लागते हे."

"मग टाक."

तो बसला. जुना नियम त्याने पूर्ण पुसून टाकला. आता साध्या र ला हातच लावायचा नाही असं ठरलं. संगणकाच्या अक्षरांच्या यादीत मराठीच्या या र ला वेगळा क्रमांक आहे, की-बोर्डवर त्याला वेगळी कळ द्यायची, आणि ती दाबली तरच वाकडी रेघ. दोन आठवड्यांनी एकाही शब्दाला लाल रंग राहिला नाही. नियमाच्या ओळी मोजल्या तर तेवीस भरल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी पुन्हा पाठवलं. या वेळी पहिलं उत्तर भलत्याच ठिकाणाहून आलं. नेपाळातल्या पोखरा गावातल्या एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं. आमच्या नेपाळीतही हीच वाकडी रेघ लागते, दोन वर्षं आम्ही तिच्याशिवाय लिहीत आहोत. तुमच्या आकाराला आमचा नियम जोडला, नीट दिसतं आहे. तुमच्या यादीत आमचे चाळीस शब्द टाकू का?

रीताने पत्र दिनेशला मोठ्याने वाचून दाखवलं. मग सरांना बोलावून आणलं आणि पुन्हा वाचलं. सरांनी ते पडद्यावर स्वतः पुन्हा एकदा वाचलं. "मी तुम्हाला एक माणूस शोधायला सांगितलं होतं," ते म्हणाले.

अकरा मार्चला बदल स्वीकारला गेला. त्या प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत कामाला हातभार लावणाऱ्यांची जी लांबलचक यादी होती, तिच्यात दोन नावं आणि पुढे चंद्रपूर असं छापून आलं.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल उलटून पाहिला.

"कोड किती ओळींचा?"

"मुख्य नियम तेवीस ओळींचा, सर," रीता म्हणाली. "तपासणीचा प्रोग्राम धरून तीनशेच्या आसपास."

"आधीच्या जोडीचा अकरा हजार ओळींचा होता."

"हो, सर."

"तुम्हाला कमी नाही वाटत?"

 रीताने डोमाजींच्या दोन पत्रांच्या प्रती समोर ठेवल्या. एक डिसेंबरचं, एक एप्रिलचं. दिनेशने नवीन आवृत्तीची सीडी होळीच्या सुट्टीत शाळेत नेऊन घातली होती. "पहिल्यात बाबूंनी सात शब्द टाळले आहेत, त्यांच्याखाली रेघ मारली आहे. दुसऱ्यात एकही टाळलेला नाही. तेवीस ओळींत एवढंच झालं, सर."

परीक्षकांनी दोन्ही पत्रं वाचली.  शंभरपैकी अडुसष्ट दिले. अकरा हजार ओळींच्या हॉस्पिटलला पंच्याऐंशी मिळाले. रीताला त्या संध्याकाळी वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय हे तिने दिनेशपासून लपवलं नाही. त्यालाही वाटत होतं.

जूनमध्ये ती दोघं पुन्हा आश्रमशाळेत गेली, निकालाचे पेढे घेऊन. चैतूंचा कायम झाल्याचा आदेश आला होता. तो त्यांनी पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवला.

"आमचं काम तुमच्या उपयोगाला आलं नाही, बाबा," रीता म्हणाली.

"माह्या मागून येईन त्याले येईन ना." चैतूंनी आदेशाची घडी तशीच परत घातली. "तो बिचारा अहेरीले जानार नाई."

शाळा अजून उघडली नव्हती, तरी डोमाजी ऑफिसात होते. त्यांनी दोघांना बसवलं आणि एक कोरं पान उघडून टाइप करायला लागले. साऱ्या, दुसऱ्या, बिचाऱ्या, कर्मचाऱ्यांना, पायऱ्यांवर. वाक्य नव्हतंच, नुसते शब्द. पान भरत आलं तरी थांबेनात. कळा दाबताना त्यांचे ओठ हलत होते.

दिनेशला हैदराबादला नोकरी लागली. रीता कॉलेजातच लॅबच्या कामावर राहिली आणि पुढचं शिक्षण करायला लागली. त्या ऑगस्टमध्ये सरांनी नव्या वर्गाला त्याच अटी सांगितल्या. या वेळी चार जोड्या राहिल्या. त्यातली पायल नावाची मुलगी पहिल्याच आठवड्यात रीताकडे आली.

"ताई, तुमच्याकडे एखादी उरलेली आयडिया आहे का?"

"नाही," रीता म्हणाली. "पण शनिवारी येशील माझ्याबरोबर?"

पावसाने आष्टीपाशी रस्ता खचला होता, म्हणून बस दोन तास उशिरा पोहोचली. डोमाजी परीक्षेचं वेळापत्रक तयार करत होते. रीताने पायलला त्यांच्या मागे स्टुलावर बसवलं आणि स्वतः चैतूंकडे स्वयंपाकघरात गेली. तासाभराने ती परत आली तेव्हा पायल स्टूल पुढे सरकवून डोमाजींच्या अगदी खांद्यापाशी बसली होती आणि तिचे डोळे त्यांच्या अंगठ्यावर खिळले होते. डोमाजी प्रत्येक विषयानंतर मोकळी जागा सोडणारी खालची लांब कळ पुन्हा पुन्हा दाबत होते आणि हलक्या आवाजात पुटपुटत होते. चौदा, पंधरा, सोळा.

"बाबूजी," पायलने विचारलं, "तारखा एकाखाली एक याव्या म्हणून तुम्ही दर ओळीला हे मोजता?"

डोमाजी थांबले. त्यांनी चष्मा वर केला आणि तिच्याकडे वळून पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "काऊन? दुसरं काई करता येते का?"